नौशादच्या वाटणीचे तांदूळ

शुक्रवार संध्याकाळ, अबकैक कॅम्प, सौदी

सकाळी घरून फोन. पंचायतीच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलचा प्रचार केला म्हणून सरपंचाच्या माणसांनी धाकट्या भावाचा, इम्तियाजचा उजवा हात मोडला. वर पोलिसांनी केस टाकली ती इम्तियाजवरच!

आणि त्याच सरपंचाचा पुतण्या नौशाद इथे माझ्याच खोलीत, एकाच टोपातलं खाणारा. म्हणतो, "भाई, आता मिटवून टाका ना." काय मिटवू? मोडलेला हात?

आज स्वयंपाकाची पाळी माझी. त्याच्या वाटणीचे तांदूळ घालायचेच नाहीत, असं ठरवलं होतं. सवयीने खोलीतल्या चौघांचेच घातले गेले. जेवताना नौशादने आणखी कालवण मागितलं.

मी वाढलं. उजव्या हाताने.