अर्थिंगवरची सदाफुली

नेर, मंगळवार, दिवेलागण

शेवंतामावशीच्या गावून आलो, तवापासून डोळ्यांपुढं तिचा तो गडवाच दिसून राह्यला. कूलरले हात लावला की मुंग्या येतात, म्हणून तिनं बोलावलं होतं. अंगणात अर्थिंगच्या खड्ड्यावर सदाफुली गच्च फुललेली.

"कोणी लावली, मावशी?"

"आपोआप आली, भाऊ. तुम्हीच तं सांगतलं होतं, अर्थिंगले रोज गडवाभर पाणी टाकत जा. सहा उन्हाळे झाले, एक दिवस चुकला नाही."

बाजूनं माती उकरली, तं हिरव्या वायरचं टोक मोकळंच. खड्ड्यातल्या अर्थिंगच्या पट्टीले जोडलंच नव्हतं. काम माझंच, सहा वर्षांआधी घराची फिटिंग केली तवाचं. त्या दिवशी शेवटची एसटी गाठायची होती. उद्या जोडू म्हटलं अन् वरून माती लोटली. तो उद्या आलाच नाही. बाई गेली असती तं?

आज कसून जोडलं.

"काय बिघडलं होतं, भाऊ?"

"वायर जुनी झाली होती."

काहून खोटं बोललो मी? मावशी हसली, गडवा भरून आणला, खड्ड्यात हळूच रिता केला. पाणी मुरेपर्यंत मी पाहतच राह्यलो. सहा उन्हाळे ते फक्त फुलांच्याच कामी आलं.