चौदा भोंग्यांची तालीम

१२ ऑगस्ट २००८

वादळी वाऱ्याचा इशारा देणारे चौदाही भोंगे मुके! देवगडपासून शिरोड्यापर्यंत, आमच्या मच्छीमार संस्थेचे सगळे. मालवणच्या ऑफिसात बसून मी एक कमांड दिली आणि चौदा केंद्रांतल्या कॉम्प्युटरांनी एकदम ऐकली. सेटिंगच्या फाईलीत एक ओळ चुकली होती माझी. निस्तरेपर्यंत संध्याकाळ. नशीब, वारा नव्हता.

मॅनेजर दाजी सगळ्यांसमोर — "उर्वशी, पुण्यात ह्याच शिकलंस काय गो?" कान तापले नुसते.

१३ ऑगस्ट

उपाय सापडला. ज्या टूलने मी कमांड देते त्याला 'ड्राय-रन' म्हणून एक पर्याय आहे. कमांडच्या शेवटी दोन आडव्या रेघा मारून लिहायचा. मग काय काय बदलेल ते नुसतं दाखवतं, करत काहीच नाही. विसरायला नको म्हणून तो फाईलीत कायमचाच घालून टाकला. खरंच बदलायचं असेल तर उलटा पर्याय मुद्दाम द्यायचा. दुधाने तोंड भाजलं की ताकही फुंकून प्यावं!

मिठबावला बाबांना फोनवर सांगितलं. "म्हंजे कौल लावच्यासारख्याच गो!" होडी लांब न्यायच्या आधी बाबा किनाऱ्यावरच्या घुमटीत देवाला पाकळ्या लावतात. उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर नाही. खूप हसले.

१४ नोव्हेंबर

बाळाकाकांचा अर्ज आलाय. वीस वर्षं बाबांच्या होडीवर आहेत ते. वाऱ्याचा अंदाज ताशी पंचावन्न किलोमीटरच्या वर गेला की भोंगा वाजतो, तो चाळीसलाच वाजवा म्हणतात. लहान होड्यांना पंचावन्न म्हणजे फार उशीर. बरोबरच आहे. दाजी हो म्हणाले. आकडा बदलला, कमांड दिली. स्क्रीनवर चौदा केंद्रांची नावं, प्रत्येकापुढे ५५ च्या जागी ४०. एसटी चुकत होती — पळाले.

१८ नोव्हेंबर

बाळाकाका गेले.

२० नोव्हेंबर

होडी उलटली. बाबा रिकाम्या डब्याला धरून तीन तास पाण्यात होते. बाळाकाकांचा हात सुटला. बाबा जेवत नाहीत.

अंदाज अठ्ठेचाळीसचा होता आणि मिठबावचा भोंगा वाजलाच नाही. केंद्रावर लवू असतो. गाव म्हणतं, त्यानेच वायर काढली. "भोंगो बंद करून निजललो मेलो!" विहिरीवर त्याच्या बायकोशी कोणी बोलत नाही.

२१ नोव्हेंबर

तपासलं. चौदाही ठिकाणी अजून पंचावन्नच.

चौदा तारखेला मी उलटा पर्याय दिलाच नव्हता. टूलने फक्त दाखवलं. 'ही चाचणी आहे, काहीही बदललेलं नाही' अशी एक ओळ शेवटी यायची. स्क्रीनवर फार बडबड नको म्हणून 'क्वाएट' लावून तीही मीच बंद केली होती. मीच!

२२ नोव्हेंबर

उलटा पर्याय देऊन कमांड दिली. अकरा सेकंद लागले.

२४ नोव्हेंबर

लवूला काढणार. दाजी उद्या सही करतील. तो आज माझ्या टेबलापाशी आला. "बाय, तू तरी सांग. मशिनीत कळता मा, वायर काढललंय काय नाय ती?"

कळतं. वायर लागलेलीच होती. मी म्हटलं, बघते. शी! इतकी हलकट कधी झाले मी?

२५ नोव्हेंबर

दाजींना सगळं सांगितलं. लेखीच दिलं. लवू राहिला, मी नाही. दाजी ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून नुसते पुसत बसले.

आता बाबांना सांगायचं आहे.

२६ नोव्हेंबर

सांगितलं. वाटलं, तोंड बघणार नाहीत माझं. बाबांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाले — "कौल डावो पडललो गो. माका वाटला, उर्वशीचो भोंगो गप आसा, मगे वारो खंयसून येतलो? बाळाक मी सांगलंय, उजवो पडलो."