सड्याचा सूड

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी ६.१०
ही वही कुणीही वाचायची नाही. दीपालीने तर नाहीच. बायको असली म्हणून काय झालं.

आजपासून पुस्तक. विषय: माझी शाळा. गोड आठवणी लोकांनी लिहून संपवल्यात. माझं पुस्तक बदला घेणार. नाव ठरलं: 'सडा आणि सूड'. २८ डिसेंबरला आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे, हातखंब्याला, विनोदच्या हॉटेलात. प्रकाशन तिथेच, त्यांच्याच तोंडावर. छप्पन्न दिवस, रोज चार पानं. दोनशे चोवीस होतात. चोवीस पानं आजारपणासाठी सोडली.

७.१५. अर्पणपत्रिका झाली: 'जे हसले, त्यांना.' अंगावर काटा आला. बाकीची चार पानं संध्याकाळी. दीपाली हाका मारतेय, तुळशीच्या लग्नाला ऊस आणायचाय. लेखकाला घरात कुत्रं विचारत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
घटना एकदा कोरडेपणाने लिहून काढतो, म्हणजे रडू येणार नाही.

सातवी ब. घोरपडेबाई कोल्हापूरकडून नव्यानेच आलेल्या. फळ्यावर शब्द लिहिला: सडा. वाक्यात उपयोग करा. मी लिहिलं, 'दुपारी गुरं सोडून मी सड्यावर आडवा होतो.' बाईंनी वाक्य मोठ्याने वाचलं, त्यावर लाल फुली मारली आणि म्हणाल्या, अरे, शेणाच्या सड्यावर आडवा होतोस? आई मारत नाही? त्यांचा सडा म्हणजे अंगणात शिंपडायचा तो. आमचा सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं माळरान. वर्गातल्या एकूण एक पोराची गुरं तिथेच चरायची. सगळ्यांना ठाऊक होतं. तरी एक्केचाळीसजण हसले. पहिला हसला विनोद, माझ्याच बाकावरचा, माझ्याच डब्यातली भाकरी खाऊन.

मधल्या सुट्टीपर्यंत माझं नाव 'सडा' झालं. छत्तीस वर्षं झाली. अजून एसटी स्टँडवर कुणी 'ए सड्या' म्हटलं की मी वळतो. राग त्याचाच जास्त येतो, की मी वळतो.

रडू आलं. पानं आज नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार
शत्रूंची यादी पूर्ण. एक्केचाळीस नावं, हजेरीच्या क्रमाने. प्रत्येकाला एक प्रकरण. विनोदला तीन, आणि बाईंना शेवटचं.

विनोदचा फोन आला. म्हणे, सड्या, तुला यायचाच हाय, तुझ्यासाठी कोलंबी सांगितलीय. मी तुटकपणे म्हणालो, बघू. त्याला वर्मी लागलं असणार. कोलंबी सुकी की रश्शाची, हे विचारायचं राहिलं.

प्रगती: अर्पणपत्रिका, यादी, आणि मागच्या कव्हरवरचा माझा परिचय. परिचय फार चांगला झालाय.

३० नोव्हेंबर, रविवार
मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एक प्रिंटर आहे, त्याला भेटलो. किती पानं, असं त्याने विचारलं. दोनशे, म्हणालो. आणलीत का? म्हणालो, मनात तयार आहेत. तो म्हणाला, मनातून पेनड्राइव्हवर घेतली की या. उर्मट माणूस. यादीत बेचाळिसावा.

दीपाली म्हणाली, अहो, रोज पहाटे उठून तुम्ही नक्की लिहिता काय? म्हटलं, साहित्य. तर म्हणाली, मग नारळ तेवढे सोलून द्या.

१४ डिसेंबर, रविवार
नवा निर्धार: दोनशेऐवजी वीस पानं. दारूगोळा थोडा असला तरी चालतो, नेम पाहिजे.

कव्हरवर पुरावा छापायचा. सातवीतल्या त्या वहीचं ते पान, त्यावर बाईंची लाल फुली. तपासलेली वही परत आली तेव्हा मी ती न उघडताच ट्रंकेत तळाला टाकली होती आणि आईला हरवली म्हणून सांगून नवी घेतली होती. ट्रंक माळ्यावर आहे. मला धुळीने शिंका येतात. पुढच्या रविवारी.

२१ डिसेंबर, रविवार. दुपारी
वही सापडली. फुली आहे.

फुलीवर आडवी रेघ आहे. शेजारी बरोबरची खूण. खाली बारीक अक्षरात: 'तुझं वाक्य बरोबर आहे. काल सडा बघून आले. चूक माझी.' आणि सही.

वही मिटून माळ्यावर परत ठेवली. मग पुन्हा काढली.

४.३०. मोबाइलवर फोटो कापून नुसती फुली दिसते का, ते बघितलं. रेघ मध्ये येते. बाईंना कुणी सांगितलं होतं चूक कबूल करायला? एक प्रकरण हकनाक गेलं. तेव्हाच वही उघडली असती, तर सातवीतच... जाऊ दे. बाई माफ. एक्केचाळीसजण माफ नाहीत. त्यांनी कुठे लिहून दिलंय?

२७ डिसेंबर, शनिवार
पुस्तक छापायचं रद्द. उद्या सरळ भाषण. पाच मिनिटं, जळजळीत. आरशासमोर दोनदा म्हटलं. दीपाली बाहेरून म्हणाली, कुणाशी भांडताय?

२८ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ७
हातखंबा. दारातच विनोदने छातीवर नावाचा बिल्ला टोचला. सगळ्यांच्या बिल्ल्यावर नाव, आडनाव. माझ्यावर नुसतं: सडा. बरं झालं म्हटलं, आणखी पेटलो.

माइक घेतला. भाषण विसरलो. तोंडातून एवढंच आलं, तुम्ही सगळे मला का हसलात? विनोद म्हणाला, कवा रे? मी सगळी घटना सांगितली. विनोद हसायलाच लागला. म्हणे, अरे खुळ्या, तुला कोण हसला? आमी बाईंना हसत व्हतो! येवढी शिकलेली बाई, आन् तिला सडा ठाव नाय! सगळे टाळ्या वाजवून हो हो म्हणाले. मी म्हटलं, मग नाव मला का? तर म्हणे, बाईंना सडा म्हटला असता तर छडी पडली असती. म्हणून तुला म्हटला. दुसऱ्या दिवशी मीच बाईंना सड्यावर नेला व्हता. तुला सांगणार व्हतो, पण तू बाक बदललास.

बाक मी बदलला होता. ते खरं आहे.

मग सगळे जेवले. कोलंबी सुकी होती. दोनदा घेतली. विनोद शेजारी बसला आणि माझ्या ताटातली भाकरी त्याने विचारल्याशिवाय उचलली. अजून तसाच आहे हलकट. मला फार बरं वाटलं, आणि फार वाईटही वाटलं. छत्तीस वर्षं मी कुणावर चिडलो होतो?

यादी फाडली. प्रिंटरचं नाव तेवढं ठेवलं.

२९ डिसेंबर, सोमवार
ऑफिसला कालचाच शर्ट घालून गेलो. दुपारी डबा खाताना लक्षात आलं, छातीवर बिल्ला तसाच. सकाळपासून सगळ्यांनी वाचला असणार. नवीन क्लार्क सानवी म्हणाली, सर, सडा म्हणजे? म्हटलं, कातळाचं माळरान. दुपारी आडवं व्हायला चांगलं असतं.

पाच वाजेपर्यंत बिल्ला तसाच होता. काढणार होतो. पिन वाकडी झाली होती.