उताऱ्यात नसलेलं उत्तर

१० जुलै २००६
नववी ब. उताऱ्यावरचे प्रश्न. माझी पद्धत सुपरहिट. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. पैकीच्या पैकी. आकलनात अख्ख्या वारज्यात माझ्या वर्गाचा हात कोणी धरणार नाही. कुसुमला सांगितलं. ती म्हणाली, अहो, पण मग वाचतं कोण? बायकोला शिक्षणातलं काही कळत नाही.

२४ जुलै
फक्त नम्रता अडली. वडील नागोराव वाशीमचे, हिंजवडीला कंपनीची बस चालवतात. प्रश्न: म्हातारा स्टेशनवर का थांबला? उताऱ्यात स्वच्छ छापलंय, 'म्हातारा मुलाची वाट पाहत थांबला.' हिने लिहिलं, 'घरी गेला तर मुलगा आला नाही हे खरं धरावं लागेल म्हणून.' असं कुठे लिहिलंय? शून्य दिलं. देताना जरा कसंसंच झालं. ॲसिडिटी असावी.

८ ऑगस्ट
नम्रताला समजावलं, स्वतःचं डोकं लावू नकोस. ती म्हणाली, पण सर, त्याचं तसंच असणार. म्हटलं, त्याचं सोड, मार्कांचं बघ. उद्यापासून मधल्या सुट्टीत रोज जादा तास घेणार.

२८ ऑगस्ट
जादा तास झाले नाहीत. मीटिंग, सर्दी, गणपती. तरी नम्रता सुधारली. पैकीच्या पैकी! नागोराव पेढे घेऊन आले. म्हणाले, पोरगी आधी वाचलेलं सांगून सांगून डोकं खायची, आता एकदम शांत झाली. मला भरून आलं.

१२ सप्टेंबर
एक आयटी कंपनी आकलनाची चाचणी घेणार. एका मुलाचा बारावीपर्यंतचा सगळा खर्च करणार. नागोरावांना सांगितलं, स्कॉलरशिप आपलीच समजा.

२५ सप्टेंबर
चाचणी झाली. भलतेच प्रश्न. उत्तर एकाही ओळीत नाही. वर्ग सपाट. नम्रताचा पेपर कोरा. कंपनीच्या ऋचा मॅडम म्हणाल्या, मुलांना वाचता येतं, समजत नाही. निषेधाचं कडक पत्र लिहिणार. उद्या.

२६ सप्टेंबर
पत्र राहिलं. नागोराव शाळेत आले होते. म्हणाले, सर, तुम्ही सांगितलं तसंच तर केलं तिनं. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग नम्रताला बोलावलं. कालचाच उतारा दिला. म्हटलं, मार्क विसर बाळा, हे वाचून तुला काय वाटतं ते सांग. खूप वेळ ती कागदावर बोट फिरवत राहिली. शेवटी तिने विचारलं, सर, यातली कुठली ओळ उतरवू?