तीन बोटं माया

प्रिय टाचणी,

हे नाव वाचून तुझ्या कपाळाला आठ्या पडतील. अठ्ठावीस वर्षांची बाई, एका मुलाची आई, आणि हा म्हातारा शिंपी अजून टाचणीच म्हणतो. काय करू, तुझं शाळेतलं नाव माझ्या तोंडात बसतच नाही. सुतळीला लोहचुंबक बांधून माझ्या टेबलाखाली रांगत टाचण्या गोळा करणारी पोरगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तू गेल्यापासून माझ्या तळपायात टाचण्या घुसायच्या थांबलेल्या नाहीत, हे आपलं जाता जाता सांगितलं.

तू बजावलं होतंस की मास्तरकाका, कपडेपटातलं सगळं लिहा, पण आईविषयी एक अक्षर लिहू नका. चार वर्षं मी ते पाळलं. या पत्रात पाळणार नाही. नको असेल तर इथेच घडी घालून बाजूला ठेव. नाही, ठेवू नकोस. माझ्यासाठी पुढे वाच.

आधी बातमी. आपल्या कंपनीने यंदा नवं नाटक घेतलेलं नाही. पाच जुनी नाटकं पुन्हा उभी करायची, तीन साधी आणि दोन गाण्यांची, दर महिन्याला एक, असा मोसम ठरला. नवा दिग्दर्शक चष्मा कपाळावर चढवून बोलतो, म्हणून आम्ही त्याला कपाळचष्मा म्हणतो. पहिल्याच बैठकीत तो म्हणाला की जुन्या नाटकांत नवा प्राण फुंकायचा. मी मनात म्हटलं, फुंक बाबा, पण आधी पेट्यांवरची धूळ फुंक. बारा पेट्या उघडल्या. दोन कसरीने खाल्ल्या होत्या, एकीत उंदराने बाळंतपण केलं होतं. बाकीचे कपडे मात्र मी ठेवले होते तसेच निघाले, घडीला घडी. हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

जुनी नाटकं पुन्हा उभी करणं म्हणजे कपडेपटाच्या भाषेत उसवणं. नाटक तेच, नट तेच, पण पोटं ती नाहीत. आपला नायक, जो एके काळी खिडकीतून उडी मारून प्रवेश करायचा, तो आता दारातून येतो आणि दारही थोडं रुंद करून घ्यावं लागलं. त्याच्या काळ्या कोटाच्या शिवणीत दुमडलेली होती नव्हती ती सगळी माया मी सोडली, तरी गुंडी काजापर्यंत पोहोचेना. खलनायकाची तीच गत, राजाची तीच गत. तीन आठवडे मी फक्त उसवत होतो. एकाच माणसाचे कपडे आत घ्यावे लागले. तुझ्या आईचे.

पहिल्या तालमीच्या वेळी मी टेप लावली तेव्हा कंबर चौतीस होती. पाच-सहा वर्षं चौतीसच होती, म्हणून मी न बघताच लिहून टाकणार होतो. दुसऱ्या नाटकाच्या वेळी साडेबत्तीस भरली. आणि टाचणी, मी काय म्हणालो ऐक. मी म्हणालो, वा बाई, वजन छान उतरवलंत! मोठ्या कौतुकाने म्हणालो. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, हसल्या, आणि हात वर धरून उभ्या राहिल्या. तिसऱ्या नाटकाला साडेतीस. तोपर्यंत सगळी कंपनी त्यांचं कौतुक करायला लागली होती. कपाळचष्मा सगळ्यांसमोर म्हणाला, बघा, बाईंकडून शिका, या वयात काय बांधा राखलाय! टाळ्या वाजल्या. मी कोपऱ्यात टाचण्या तोंडात धरून उभा होतो, म्हणून मला टाळी वाजवावी लागली नाही.

चौथ्याला साडेअठ्ठावीस. त्या दिवशी टेप माझ्या हातात तशीच राहिली. बाईंनी कपडेपटाचं दार आतून लावलं आणि काय आहे ते मला सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, किती दिवस म्हणाले, सगळं. आणि मग माझी मोठी कात्री उचलून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, मास्तर, तुम्ही देवाबिवाला मानत नाही, या कात्रीवर हात ठेवा. डॉक्टर जे म्हणाले ते कुणाला सांगायचं नाही. कंपनीत नाही, आणि टाचणीला तर मुळीच नाही. मी हात ठेवला. कात्री फार गार लागली.

म्हणून डॉक्टर काय म्हणाले ते मी तुला सांगणार नाही. शपथ त्याची आहे. मापांची शपथ मला कुणी घातलेली नाही. माप वाचायला तू या टेबलाखालीच शिकलीस. वर लिहिलेले आकडे पुन्हा एकदा वाच.

माझी गत काय झाली सांगू? मी काहीच करू शकत नाही. औषध माझ्या हातात नाही, शब्द माझ्या हातात नाही, हातात एक सुई. मग मी सुईने जे येतं ते केलं. बाईंना कापसाची एक बंडी शिवून दिली, आतून घालायला, म्हणजे खांद्यांची हाडं दिसू नयेत. इतकी बेमालूम बसली की पहिल्या रांगेलाही कळलं नाही. चाळीस वर्षांत इतकं चांगलं काम मी केलं नव्हतं, आणि त्याच कामाची मला शिसारी येते. मी जितकं नीट शिवतो तितकं कुणाला काही दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून कुणी त्यांना घरी बस म्हणत नाही. दिव्यांखाली त्या कापसात त्यांचा जीव उकडून निघतो. विंगेत चाळीस सेकंदांत कपडे बदलायचे असतात, तेव्हा पूर्वी त्या मला काय काय बोलायच्या! बोटं आहेत की लाटणी, आज गुंडी लावताय की उद्या, आणखी बरंच. तू ते सगळं पाठ करून शाळेत म्हटलं होतंस आणि तुला वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता त्या माझ्या खांद्यावर कपाळ टेकून चाळीस सेकंद डोळे मिटतात आणि चाळिसाव्याला हसत रंगमंचावर जातात. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी टेबलावर चढून नाचलो असतो.

मी त्यांचा वकील नाही. चार वर्षांपूर्वी तुझं बाळ एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होतं आणि बाई दोन प्रयोगांच्या मध्ये एक दुपार येऊन घड्याळाकडे बघत बसून गेल्या. चुकल्याच. मी तेव्हाही त्यांना तोंडावर सांगितलं होतं. त्यानंतर महिन्याभराने तू कपडेपटात आलीस. मी त्यांच्या खांद्याला टाचण्या लावत होतो, त्यांचे दोन्ही हात वर होते, आणि तू म्हणालीस की आई, तुझ्यात माया म्हणून नाहीच. बाई फक्त म्हणाल्या, मास्तर, खांद्यात ओढतंय. तू दार आपटून गेलीस. पुढचं तुला माहीत नाही, कारण तू तिथे नव्हतीस. मी सगळ्या टाचण्या काढल्या, झालं म्हणालो, तरी त्यांचे हात खाली आले नाहीत. मीच धरून खाली केले. बोलायला हवं होतं मी, तुझ्यामागे पळायला हवं होतं. मी काय केलं, तर खांद्याची शिवण सैल केली. ती ओढत नव्हतीच.

आता शेवटचं, पाचवं नाटक. तुला ते माहीत आहे, निळ्या झग्याचं. शेवटच्या अंकात नायिका आगगाडीच्या फलाटावर सगळ्यांना निरोप देते आणि एकटी उभी राहून गाते. पहिल्यांदा हे नाटक बसलं तेव्हा तुझी आई एकोणतीसची होती. मी झग्याचं माप घेतलं, अठ्ठावीस. आठवड्याने कच्ची शिवण घालून बघितली तर अर्धा इंच जास्त. मी टेपकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, मास्तर, कुणाला बोलायचं नाही, मोसम संपेपर्यंत. म्हणजे तू आहेस हे जगात डॉक्टरांच्या खालोखाल मला कळलं. तुझ्या बापाला माझ्यानंतर.

तू लहानपणी विचारलं होतंस की शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात त्याला माया का म्हणतात. मी तेव्हा तुला उडवून लावलं होतं, कारण मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या गुरूने एवढंच शिकवलं होतं की माया एक बोट तरी ठेव आणि ती कधी कापू नकोस. वरून दिसत नाही, पण माणूस वाढलं तर तीच कामाला येते. त्या झग्यात मी तीन बोटं माया ठेवली होती, दोन्ही बाजूंना. दर पंधरा दिवसांनी एक टीप उसवायची, थोडं बाहेर नवी टीप मारायची. सहा वेळा. सातव्या महिन्यात माया संपली तेव्हा मोसमही संपला. प्रेक्षकांत कुणालाच काही कळलं नाही. तू झाल्यावर मी झगा पुन्हा पहिल्या टिपेवर आणून पेटीत ठेवला.

परवा दुपारी तो झगा बाईंना घातला. अंगात तो पहिल्या टिपेवरही सैल झाला. सव्वीस. कापसाची बंडी नको म्हणाल्या, या नाटकात नको, ओझं होतं. मी झगा आत घेतला. पण मखमल, अस्तर आणि ती सगळी दुमडलेली माया मिळून कुशीत जाड वळ झाला आणि तो त्यांना रुतायला लागला. आता त्यांच्या कुशीत काहीच सोसत नाही. त्या म्हणाल्या, मास्तर, कापून टाका ती माया. मी म्हणालो, बाई, माया कापत नाहीत. त्या म्हणाल्या, अहो, आता कुठे वाढणार आहे मी?

मी कापली, टाचणी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. दुसरं काही मला सुचलं नाही, आणि त्यांना दुखत होतं. बाईंनी ती पट्टी माझ्या हातातून घेतली आणि मांडीवर सरळ केली. जुन्या टिपांची भोकं अजून तशीच आहेत, एकाखाली एक, सहा रांगा. त्या बोट फिरवत मोजू लागल्या. या टिपेला ती पहिल्यांदा हलली, फलाटावरच्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याला. या टिपेला तिला उचकी लागली होती, मला ताल चुकेल की काय वाटलं. या टिपेला रात्रभर लाथा. एकेक रांग त्यांना पाठ होती. मला वाटत होतं त्या टिपांची आठवण फक्त मला आहे. शेवटच्या रांगेवरून बोट उचललं आणि पट्टी मला परत देत म्हणाल्या, फेकू नका हं.

पाठवू नका असं त्या म्हणालेल्या नाहीत. म्हणून ती पट्टी या पाकिटात घातली आहे. उजेडाकडे धरून बघ, भोकं दिसतील. पहिला प्रयोग येत्या चौदा तारखेला, दुपारी चार वाजता. चार प्रयोग लावलेत, पण तू पहिल्यालाच ये. पोराला घेऊन ये. विंगेत त्यांच्यासाठी मी एक स्टूल ठेवलंय, त्याच्या शेजारी दुसरं ठेवतो. त्यांना काय म्हणायचं ते मला विचारू नकोस, मला बोलता येत नाही, मला फक्त शिवता येतं, आणि आता तेही संपलं. मायाच उरली नाही त्या झग्यात. अजून आत घेता येईल, सैल आता करता येणार नाही.

तुझाच,
टेबलाच्या वरच्या बाजूचा मास्तरकाका