गिब्बी अजून उतरलाच नाही

७ जून
गिब्बी जिवंत आहे! बोटीतले बाकीचे पाचही गेले. त्याचा धाकटा भाऊ रॅसमीसुद्धा. शेजारच्या खाडीतल्या लोकांनी गिब्बीला पालथ्या बोटीवरून ओढून काढलं आणि बेशुद्ध, तसाच पाठीवर टाकून घरी आणला. ओटची पेज चमच्यानं पाजली. गिळतो आहे. तेवढंच पुरे.

१० जून
आज बोलला. म्हणाला, "घरची, जळतीवर पीट टाक." मी आनंदानं दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या ढेपा चुलीत टाकल्या, आणि मग तो शब्द ध्यानात आला. चुलीला 'जळती' फक्त समुद्रावर म्हणतात. मांजर म्हणजे 'रडवी', पाद्री म्हणजे 'उभा', बायको म्हणजे 'घरची'. तिथं जमिनीवरची नावं घेतली की समुद्र ती ओळखून ठेवतो, असं आमच्याकडे मानतात. पण हे शब्द घरात कुणी आणत नाही. पुरुष ते बोटीतच ठेवून येतात.
तापातली बडबड असेल. ताप तर कालच उतरला म्हणा.

११ जून
अजून तेच.

१४ जून
पाद्री धीर द्यायला आले. गिब्बी ओरडला, "उभा आलाय, बोट फिरवा!" पाद्री बिचारे टोपी हातात धरून दारातच. मला हसू फुटलं, मग स्वतःचीच लाज वाटली.
दुपारी तो बाकावर बसून भांड्यानं जमिनीवरचं पाणी उपसत होता. जमीन ठणठणीत कोरडी. मी म्हटलं, "गिब्बी, अरे घरात आहेस तू." तर दबक्या आवाजात म्हणाला, "गप. नाव घेऊ नकोस. ऐकतोय तो."
तो झोपल्यावर भांडं उचललं. आतून ओलं होतं. बोट लावून चाखलं. खारट.

१५ जून
मांजर घरात पाऊल टाकत नाही.

१८ जून
सासूबाईंना सगळं सांगितलं. एक मुलगा गेला, आणि दुसऱ्याचं हे. रडतील वाटलं, पण त्यांनी एवढंच विचारलं, "उतरताना त्यानं तुझं नाव घेतलं का?"
नव्हतं घेतलं. इथं बोट वाळूला लागली की प्रत्येक जण आधी घरच्या कुणाचं तरी नाव मोठ्यानं घेतो, मगच पाय टाकतो. गिब्बीला तर लोकांनी उचलून आणला, बेशुद्ध.
"मग तो उतरलाच नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्याला पाण्यावर ने आणि नीट उतरवून आण. आणि ऐक गं, तू बोटीत बसलीस की तुलाही तोच नियम. आधी नाव, मग पाय."
मी म्हटलं, "एवढं विसरायला मी काय कुकुलं बाळ आहे?"

१९ जून
वारा. नाही जमलं.

२३ जून
आज नेलं त्याला. भर दुपारी, समुद्र अगदी शांत, छोटी होडी. वल्ही हातात आल्यावर त्याचे खांदे सैल पडले. दोन आठवड्यांत पहिल्यांदा तो मला माणसासारखा दिसला. खाडीच्या तोंडापर्यंत गेलो आणि वळलो. त्यानं नाव घेतलंच नाही तर काय, जन्मभर असाच भांड्यानं घर उपसत बसणार?
वाळू लागली. त्यानं वल्ही आत घेतली. मग माझ्याकडे पाहून त्यानं नाव घेतलं, "ओस्ला."
मी होडीतून उडीच मारली, गुडघाभर पाण्यात. त्याच्या गळ्यात पडले. इतकी रडले की दुसरं काही सुचलंच नाही. हातात हात घालून वर चढलो. वाटेत म्हणतो, "चुलीवर चहा ठेव. आणि मांजर कुठं गेलं आपलं?" मांजर!
सासूबाई दारात उभ्या होत्या. त्याचं बोलणं ऐकून त्यांनी त्याला कुरवाळलं. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं?"
मी बटाटे वाढायला घेतले.

२४ जून
जळती पेटवली. रडवी आत आली होती, मला बघून पळाली. पायाखाली पाणी चढतंय, सकाळपासून उपसते आहे. समोरचा माणूस रडतो आणि म्हणतो, माझं नाव घे, एकदा तरी घे.
पाण्यावर असताना कुणी नाव घेतं का?