फक्त हा मंगळवार, की सगळे मंगळवार?

प्रिय दादा,

'प्रिय' हाताच्या सवयीने लिहिलं गेलंय, उगाच हुरळून जाऊ नकोस. कागदावर लिहितेय, कारण माझे मेसेज तू उघडत नाहीस आणि चुकून फोन उचललास तर दोन मिनिटांत 'मीटिंग आहे' म्हणून ठेवून देतोस. वहिनीच्या हाती पडलं तर तिनेही खुशाल वाचावं. माझी काही हरकत नाही.

आपल्या कॅलेंडरच्या ॲपमधली, नोंद बदलायची ती स्क्रीन आपण कुठे बसून काढली, आठवतं? आता मोठ्या काचेच्या खोलीत बसतोस म्हणून विचारतेय. आईच्या कापड बेतायच्या टेबलावर, तिच्याच खडूने. ऑफिस नव्हतं, पगार नव्हता, तू प्रोग्रॅम लिहायचास आणि मी चौकोन काढायचे. वर नोंदीचं नाव, खाली तारीख, वेळ, 'कोण जाणार', सगळ्यात खाली 'सेव्ह'. माझे कपडे, कोपरं, नाक सगळं पांढरं व्हायचं आणि तू मला 'खडू' म्हणायचास. दर आठवड्याला येणारी नोंद कुणी बदलली तर काय करायचं, इथे आपण दोन दिवस अडून बसलो होतो. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आल्या, म्हणाल्या, या वेळी बाही लांब ठेवा. आईने मापाची वही उघडली, पेन्सिल हातात धरली आणि लिहिण्याआधी विचारलं, "या वेळेपुरती, की नेहमीसाठी?" आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तू तर टाळीच दिलीस मला. त्या संध्याकाळी मी ती छोटी चौकट काढली: फक्त हीच नोंद, की यापुढच्या सगळ्या? ती चौकट ना तुझी होती, ना माझी. ती आईची होती.

आणि तीच तू काढून टाकलीस. ऑफिसात आठ माणसांसमोर, भिंतीवर आकडे दाखवत. म्हणे लोक त्या चौकटीपाशी चार सेकंद थबकतात, कित्येक जण तिथूनच परत फिरतात, लोकांना प्रश्न विचारलेले आवडत नाहीत. म्हणून विचारायचंच नाही, सरळ सगळ्या नोंदी बदलून टाकायच्या. मी म्हटलं, अरे, थबकतात म्हणजे विचार करतात, करू दे की चार सेकंद. तू हसलास आणि म्हणालास, "खडू, तू अजून आईच्या टेबलावरच बसलीयेस." सगळे हसले. मीही हसले, मेली. आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तीच स्क्रीन चौकटीशिवाय मीच काढून दिली, माझ्याच हाताने. तेवढं पाप माझं आहे आणि ते मी कबूल करते. कबूल करणं म्हणजे काय ते तुला कळावं म्हणून आधी स्वतःचं लिहिलं.

मग आईला झटका आला. उजवा हात गेला. डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की पहिल्या सहा महिन्यांत हात जेवढा हलवाल तेवढा तुमचा. व्यायाम घेणाऱ्या बाई मंगळवारी आणि शुक्रवारी अकराला येणार ठरलं. सांभाळणाऱ्या मावशी दहाला जायच्या त्या एकला परत यायच्या, आणि आईला खुर्चीतून उठून कडी काढता येत नव्हती, म्हणून दार उघडायला आपल्यापैकी एक जण तिथे हवाच होता. मंगळवार माझा, शुक्रवार तुझा. घरच्या कॅलेंडरवर दोन नोंदी केल्या, दर आठवड्याला येणाऱ्या. आपलंच ॲप, आपलीच आई, किती कौतुक वाटलं होतं मला तेव्हा!

त्या मंगळवारी मला एकशे तीन ताप होता. तुला फोन केला, तू म्हणालास, "टाक माझं नाव आजच्यापुरतं." मी पडल्या पडल्या 'कोण जाणार'मध्ये माझं नाव खोडून तुझं घातलं आणि सेव्ह केलं. स्क्रीनने काही विचारलं नाही. विचारणार कुठून? तू गेलास, व्यायाम झाला. पुढच्या आठवड्यात बघते तर मंगळवारी तुझंच नाव, त्यापुढच्या मंगळवारीही तुझंच. मला वाटलं, मी आजारी म्हणून दादाला माया फुटली, त्यानेच सगळे मंगळवार अंगावर घेतले. डोळे भरून आले रे माझे. थँक्यू म्हणणार होते, पण आपल्यात कोण म्हणतं? आणि तिकडे ते बघून तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हिने परस्पर सगळं माझ्या गळ्यात मारलं, आता बघतोच, म्हणून तू हटून बसलास. एक फोन करायचास. 'काय गं, हे काय?' एवढे चार शब्द बोलायचे होते. पण तुला कुठे प्रश्न आवडतात!

पाच मंगळवार बाई येऊन बेल वाजवून गेल्या. आई आतून "आले, आले" म्हणत राहायची, हे मला बाईंनीच नंतर सांगितलं. शुक्रवारी त्या तुझ्या कानावर घालायच्या आणि तू म्हणायचास, मंगळवार माझ्या बहिणीचा, तिला विचारा. माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता, तुझाच होता. मी रविवारी जायचे, तेव्हा आई त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. तिला वाटलं, विषय काढला तर पोर खजील होईल.

आणि सहाव्या आठवड्यात आईच्या खाटेशी उभा राहून, वहिनीसमोर, बाईंसमोर तू सगळं खापर माझ्यावर फोडलंस. "हिला आईची आठवणच राहत नाही." मला धड काही कळलंच नव्हतं. मी घरी आले, कॅलेंडर उघडलं, बदलांची यादी काढली. माझं नाव, तापाच्या दिवसाची तारीख, सव्वानऊची वेळ आणि पुढे 'सर्व मंगळवार'. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि थेट आईकडे गेले. तिला सगळं समजावून सांगितलं, फोन हातात धरून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असू दे गं, माणूस विसरतं. पण दादावर नको ढकलूस." आता मी गेले की ती दर खेपेला हसून म्हणते, "आज बरी आठवण झाली माझी." रागाने नाही म्हणत रे. प्रेमाने म्हणते, तेच सहन होत नाही. तिचा अंगठा अजून बोटाला टेकत नाही. सुई जाऊ दे, बटणसुद्धा लावता येत नाही. त्या पाच मंगळवारांमुळेच असं झालं का, ते डॉक्टर सांगत नाहीत. मीही सांगत नाही.

इथवर मी तुला मूर्ख समजत होते, आणि मूर्खाला माफ करता येतं. पण गेल्या आठवड्यात बस थांब्यावर तुझा चष्मेवाला भेटला, तुझ्या हाताखाली प्रोग्रॅम लिहितो तो. चष्मा पुसत पुसत त्याने सगळं सांगून टाकलं. दुसरा मंगळवार बुडाला तेव्हाच तू त्याला विचारलं होतंस, माझ्या बहिणीने सगळे मंगळवार का बदलले ते बघ. त्याने बघून सांगितलं की ताईंनी एकच बदलला, बाकीचे आपल्या स्क्रीनने बदलले. तू त्याला म्हणालास, नवी आवृत्ती बाहेर पडेपर्यंत तोंड उघडू नकोस. म्हणजे तुला माहीत होतं. माहीत असून तू आणखी तीन मंगळवार बेल वाजू दिलीस, आणि मूग गिळून बसलास. नाही, मूग गिळूनही बसला नाहीस, आईसमोर मला विसरभोळी ठरवलंस! चूक ॲपची निघण्यापेक्षा बहिणीची निघालेली परवडली तुला. लाज नाही वाटली? आई म्हणून नाही, निदान जिच्या टेबलावर धंदा उभा केलास ती शिवणकाम करणारी बाई म्हणून तरी?

तू जाऊन तिला खरं सांगायला हवंस. माझं सांगून झालं, पण माझं तिला पटत नाही. तुझं पटेल, कारण तू तिचा दादा आहेस आणि तू कधी चुकत नाहीस. ती असेपर्यंत सांग. मला बाकी तुझ्याकडून काही नको, नोकरी तर नकोच नको.

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. घरच्या कॅलेंडरवरून माझं नाव काढायला तू विसरलास. पत्र मिळेल त्या दिवशी फोन उघड, दर मंगळवारी अकरा वाजता तुझ्या नावापुढे एक नोंद दिसेल: 'आईला खरं सांगणे.' दर आठवड्याला येणारी एकच नोंद केली असती, तर तुझ्या त्या शहाण्या स्क्रीनने एका बोटासरशी सगळ्या पुसून दिल्या असत्या, काही न विचारता. म्हणून मी वर्षभराचे बावन्न मंगळवार एकेक करून वेगळे लिहिलेत. पुसायचे असतील तर बावन्नदा पुसावे लागतील, आणि दर वेळी आधी वाचावं लागेल. चष्मेवाल्याला काय बिघडलं म्हणून विचारायला धावू नकोस, बिचाऱ्याला पुन्हा गप्प बसावं लागेल. काहीही बिघडलेलं नाही. या वेळी सगळे मंगळवार मीच बदललेत, नीट आठवणीने.

तुझीच, नाइलाजाने,
खडू